आंबटाच्या आधारानं

प्रस्तावना

चिंचेच्या आमटीत गुळाचा खडा पडतो तेव्हा आमटी गोड व्हावी असा कोणाचाच हेतू नसतो. चिंचेची धार बोथट न होता जिभेला सोसवावी, एवढंच गुळाचं काम. खडा जरा मोठा पडला तर आमटी मिळमिळीत लागते, पडलाच नाही तर नुसती आंबट. आपल्या घरांत हा अंदाज वजनकाट्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या हातात मी जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग देतो, तो एक घोट घेतो आणि ग्लास बाजूला ठेवून म्हणतो, “गोड आहे.” जाणकार म्हणवणारेही हेच म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात ‘गोड म्हणजे कच्च्या जिभेची’ असा निवाडा असतो. आमटीतला गूळ ज्याला अचूक कळतो त्याला या वाइनमधली साखर कळू नये, हे मला फार लागतं. हे पुस्तक त्याच पोटी लिहिलं आहे.

आधी नाव. उच्चार री-स्लिंग, ‘राय’ नव्हे. या पांढऱ्या द्राक्षाची मायभूमी ऱ्हाइन नदीचं खोरं, आणि त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १४३५ सालची. र्युसेल्सहाइम इथं कात्सेनएल्नबोगेनच्या सरदाराच्या कारभाऱ्यांनी रीसलिंगच्या वेलींसाठी २२ शिलिंग मोजले, एवढाच तो हिशेब. एका सरदार घराण्याच्या खर्चाच्या वहीतून हे द्राक्ष इतिहासात शिरलं. वंशशोध करणाऱ्यांना अलीकडे कळलं की त्याचा एक जनक ‘हॉयनिश’ नावाचं अगदी सामान्य, शेतकऱ्यांचं द्राक्ष होतं. थोर वाणाच्या पाठीशी असा साधा पूर्वज असावा, याचं मला अप्रूप वाटतं.

मोझेल मी प्रथम पाहिलं ते नदीकाठच्या रस्त्यावरून, मान वर करून. या बागा शेतासारख्या पसरलेल्या नाहीत, भिंतीसारख्या उभ्या आहेत. ब्रेम गावचा काल्मोंट हा उतार तर साठ अंशांहून अधिक चढाचा. युरोपातल्या सर्वांत उभ्या बागांमध्ये त्याची गणना होते. ट्रॅक्टर अशा ठिकाणी चालत नाही. मोझेलच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक वेल आपल्या स्वतंत्र खांबाला बांधलेली असते आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात खांबाशी आणलेल्या असतात. माणूस एका वेलीपासून दुसरीकडे जातो तो तोल सावरत. पायाखाली माती अशी नाहीच, करड्या-निळ्या दगडाच्या चिपा आहेत. हा दगड म्हणजे स्लेट, म्हणजेच आपली पाटी. पावसानं चिपा खाली घसरतात आणि माणसं त्या पुन्हा वर नेतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उन्हासाठी. मोझेल पन्नास अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, आणि रीसलिंग उशिरा पिकणारं द्राक्ष आहे. सपाट जमिनीवर ते तिथं पुरतं पिकलंच नसतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या तीव्र उतारावर तिरपं ऊन थेट पडतं, खालची नदी ते परावर्तित करते, दिवसभर तापलेली पाटी रात्री ऊब सोडत राहते. अशा उसन्या उबेवर द्राक्ष ऑक्टोबरपर्यंत, कधी नोव्हेंबरपर्यंत हळूहळू पिकतं. हवा थंड असल्यानं आम्ल उडून जात नाही, साखर मात्र सावकाश चढत राहते. नाशिकच्या बागायतदाराला हे एका वाक्यात समजेल: मण्यात गोडी भरते आहे आणि आंबटपणा उतरत नाही.

वेलेन गावासमोरच्या कड्यावर १८४२ साली योडोकुस प्र्युम नावाच्या बागमालकानं एक सूर्यघड्याळ बसवलं, उतारावर राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. पुढे त्याच्या भोवतालची बाग ‘झोननऊर’, म्हणजे सूर्यघड्याळ, याच नावानं ओळखली जाऊ लागली. घड्याळाच्या कामाला भरपूर ऊन लागतं, आणि जिथं घड्याळ नीट चालतं तिथं द्राक्षही नीट पिकतं. शेजारची एक बाग ‘हिमेलराइख’, म्हणजे स्वर्गाचं राज्य. नदीच्या खालच्या अंगाला लाल मातीची ‘व्युर्त्सगार्टेन’, म्हणजे मसाल्याची बाग, आणि तिच्या वाइनला खरोखरच मसाल्याचा झणका असतो. या नावांचे अर्थ कळले की बाटलीवरची लांबलचक अक्षरं घाबरवत नाहीत. ‘वेलेनर झोननऊर’ यातला ‘-र’ आपल्या ‘-कर’चं किंवा ‘-चा’चं काम करतो: वेलेनचं सूर्यघड्याळ, जसा देवगडचा हापूस.

आता साखरेकडे वळू, कारण सगळा गैरसमज तिथंच आहे.

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. यीस्टनं सगळी साखर संपवली तर वाइन कोरडी होते, जर्मन भाषेत ‘ट्रोकन’. मोझेलच्या तळघरांत पूर्वी हिवाळा इतका कडक असायचा की यीस्ट मध्येच गारठून थांबायचं आणि थोडी साखर उरायची. आज तेच काम थंड करून आणि गाळून, ठरवून केलं जातं. म्हणून मोझेलच्या हलक्या ‘काबिनेट’ वाइनमध्ये अल्कोहोल आठ-नऊ टक्केच असतं आणि साखर लिटरला चाळीसेक ग्रॅम. कोलासारख्या थंड पेयात शंभरेक ग्रॅम असते. पण कोलात आणि या वाइनमध्ये खरा फरक आम्लाचा आहे. रीसलिंगमध्ये लिटरला सात, आठ, नऊ ग्रॅम आम्ल असतं, आणि त्यात टार्टारिक, म्हणजे चिंचेत असतं तेच, बरंच असल्यानं ते जिभेवर सरळ रेषेत चालत जातं. पहिल्या क्षणी गोडी येते, लगेच आंबट तिला उचलून धरतं, आणि घोट गिळल्यावर तोंडात साखरेचा थर न राहता पाणी सुटतं. वाइन गोड आहे का, हा प्रश्न तोंडात घेतल्याबरोबर विचारू नये. गिळल्यावर दहा सेकंदांनी विचारावा.

मी हे शिकलो ते दोन ग्लास शेजारी ठेवून. एकात साखर कमी आणि आम्लही कमी, दुसऱ्यात दोन्ही जास्त. कागदावर दुसरी वाइन जास्त गोड. तोंडात पहिलीच गोड लागली. तेव्हापासून मी साखरेचा आकडा एकटा कधी वाचत नाही.

जर्मनांनी मात्र आपली वाइन साखरेच्याच आकड्यावर वर्गवार लावली, आणि या वर्गवारीची ओळख करून घेतल्याशिवाय निवड करता येत नाही. फॉर्त्सहाइमच्या फर्डिनांड एक्सले यांनी एकोणिसाव्या शतकात रसाची घनता मोजण्याची पद्धत रूढ केली. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश एक्सले. आपल्याकडे बागेत रिफ्रॅक्टोमीटर लावून ब्रिक्स मोजतात, त्याचाच हा भाऊबंद. ऐंशी एक्सले म्हणजे ढोबळमानानं एकोणीस ब्रिक्स. या अंशांवर १९७१च्या जर्मन वाइन कायद्यानं पायऱ्या पक्क्या केल्या: काबिनेट, मग ‘श्पेटलेझे’ म्हणजे उशिरा खुडलेली, ‘आउसलेझे’ म्हणजे निवडक घडांची, ‘बेरेनआउसलेझे’ म्हणजे एकेक मणी वेचलेली, आणि शेवटी ‘ट्रोकनबेरेनआउसलेझे’, वेलीवरच मनुक्यासारखे सुकलेले मणी. या शेवटच्या पायरीला किमान दीडशे अंश एक्सले लागतात. नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षाच्या जवळपास दुप्पट गोडी. ती येते ती बोट्रायटिस या बुरशीमुळे. मण्याच्या सालीला ती सूक्ष्म छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि उरतो तो अर्क. सार प्रदेशातल्या शार्त्सहोफबेर्ग उतारावरच्या अशा एका बाटलीला, २००३ सालच्या, २०१५मध्ये त्रिअरच्या लिलावात बारा हजार युरो मिळाले. ही वाइन मी सांगतो म्हणून कोणी विकत घ्यावी असं नाही. एकाच द्राक्षापासून एका टोकाला आठ टक्क्यांची, दुपारच्या जेवणाआधी घ्यायची हलकी काबिनेट आणि दुसऱ्या टोकाला काकवीसारखी दाट वाइन निघते, एवढं त्यावरून ध्यानात यावं.

‘उशिरा खुडलेली’ या कल्पनेमागे एक हकीकत सांगतात. ऱ्हाइनकाठच्या राइनगाउ प्रदेशातली योहानिसबेर्ग ही बाग तेव्हा फुल्दाच्या मठाधिपतींच्या ताब्यात होती, आणि १७२०पासून तिथं रीसलिंगची मोठी लागवड झाली होती. तोडणी सुरू करायला मठाधिपतींची परवानगी लागायची. १७७५ साली परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार फार उशिरा पोचला. तोवर द्राक्षं वेलीवरच कुजायला लागली होती. तरी खुडली, आणि वाइन अशी निघाली की पुढे उशीर हाच नियम झाला. त्या स्वाराचा पुतळा आजही तिथल्या अंगणात आहे.

या पायऱ्यांमध्ये एक मोठा सापळा आहे. काबिनेट किंवा श्पेटलेझे हा शब्द रस काढताना द्राक्षात किती साखर होती ते सांगतो, बाटलीत किती उरली ते सांगत नाही. ‘श्पेटलेझे ट्रोकन’ ही पूर्ण कोरडी वाइन असू शकते. म्हणून बाटली हातात घेतली की मी आधी अल्कोहोलचा आकडा शोधतो. आठ-नऊ असेल तर साखर बरीच शिल्लक आहे. बारा-साडेबारा असेल तर यीस्टनं ती संपवली आहे. मधले दहा-अकरा असतील तर मधलीच चव. त्यानंतर शब्द. ‘ट्रोकन’ म्हणजे लिटरला नऊ ग्रॅमपर्यंत, तेही आम्लाची साथ असेल तरच. ‘हाल्पट्रोकन’ अठरापर्यंत. ‘फाइनहेर्ब’ला कायद्यात आकडा नाही, बहुतेक उत्पादक जरा गोडसर तोलाच्या वाइनवर तो लिहितात. बाटलीच्या मानेवर द्राक्षाचा घड घेतलेला गरुड दिसला तर ती १९१० साली स्थापन झालेल्या उत्तम बागमालकांच्या संघाची, आणि ‘जीजी’ ही अक्षरं असतील तर त्यांच्या सर्वोच्च दर्जाच्या उतारावरची कोरडी वाइन. चांगल्या दुकानात एवढी अक्षरं ओळखू आली तरी निम्मं काम झालं.

त्याच १९७१च्या कायद्यानं एक अपाय केला, आणि त्याबद्दल मी नरमाईनं लिहिणार नाही. शेकडो वर्षांच्या अनुभवानं वेगळ्या ओळखलेल्या छोट्या छोट्या बागा एकत्र करून त्यानं मोठे पट्टे केले आणि नावं मात्र बागेसारखीच ठेवली. पीसपोर्टर गोल्डट्र्योप्फशेन ही खरी बाग. पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग हा मैलोनमैल पसरलेला पट्टा. नावावरून ग्राहकाला काहीच कळत नाही. शिवाय ‘लीबफ्राउमिल्श’ या नावानं स्वस्त, गोडमिट्ट मिश्रणं जगभर गेली. मुळात वर्म्स शहरातल्या एका चर्चभोवतीच्या बागेचं हे नाव. पुढे त्यात रीसलिंग बहुधा नसायचीच; असायचं ते लवकर पिकणारं, भरघोस देणारं म्युलर-थुर्गाउ. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या व्यापाऱ्यांच्या यादीत ऱ्हाइनच्या वाइनचे भाव बोर्दोच्या उत्तम वाइनच्या तोडीस तोड होते. त्याच प्रदेशाची ओळख शंभर वर्षांत ‘स्वस्त आणि गोड’ अशी झाली. आपल्याकडे ‘गोड म्हणजे हलक्या प्रतीची’ हा जो समज आला, तो या बाटल्यांतूनच आला असं माझं मत आहे. गुन्हा साखरेचा नव्हता, आम्ल नसलेल्या साखरेचा होता.

आता चाखण्याविषयी. रीसलिंग आठ-दहा अंश सेल्सिअसला घ्यावी. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवली की पुरे. फार गार केली तर वास झोपतो. ओक लाकडाचा वास तिला सहसा देत नाहीत. मोझेलमध्ये हजार लिटरची जुनी लाकडी पिंपं वापरतात, ‘फुडर’ म्हणतात त्यांना, पण त्यांच्या लाकडातला वास कधीच निघून गेलेला असतो. त्यामुळे ग्लासात येतं ते द्राक्षाचं आणि जागेचंच. तरुण वाइनमध्ये हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पीच, कधी पपनसाची कडवट साल. मोझेलच्या ग्लासात मला वारंवार एक वास आला आहे, आणि तो दुसऱ्या भाषेतल्या लेखकांपेक्षा आपल्याला सोपा आहे: शाळेत पाटी ओल्या फडक्यानं पुसल्यावर येणारा वास. दगडाची चव मुळांवाटे सरळ द्राक्षात चढते, हे शास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. तरी तो वास येतो, आणि त्याला दुसरं नाव देणं मला जमलेलं नाही.

काही तरुण बाटल्या उघडल्यावर काडेपेटीची जळती काडी किंवा गंधकाचा भपका येतो. रानटी यीस्टनं सावकाश आंबवलेल्या वाइनमध्ये हे नेहमीचं आहे. बाटली टाकून देऊ नये. ग्लास फिरवावा, अर्धा तास थांबावं. जात नसेल तर उद्या प्यावी. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर तीही भेसळ नाही. टार्टारिक आम्लाचे स्फटिक थंडीत खाली बसतात, इतकंच.

आणि मग रॉकेल. जुन्या रीसलिंगमध्ये रॉकेलचा वास येतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. तो खरोखर येतो, आणि त्यामागचं रसायन ठाऊक आहे. द्राक्षाच्या सालीतल्या कॅरोटिनॉइडपासून, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या कुळातून, काळाबरोबर टीडीएन नावाचं संयुग तयार होतं. घडांवर ऊन जास्त पडलं असेल किंवा बाटली उष्ण जागी ठेवली असेल तर ते लवकर आणि जास्त होतं. पंधरा वर्षांच्या मोझेलमध्ये मधाच्या, सुक्या जर्दाळूच्या शेजारी त्याची एक बारीक रेघ असेल तर ती वयाची खूण म्हणून मी आनंदानं घेतो. दोन वर्षांच्या बाटलीत तोच वास सगळ्यावर पसरला असेल तर बहुतेक ती कुठेतरी तापली आहे. मुंबईतल्या एका दुकानात, उन्हाच्या बाजूच्या काचेला लावून ठेवलेली एक तरुण काबिनेट मी घेतली होती. उघडताच ग्लासात नुसतं रॉकेल. दोष बागेचा नव्हता. तेव्हापासून आपल्या हवेत रीसलिंग घेताना मी साल पाहण्याआधी बाटली कुठं उभी होती ते पाहतो.

इतर देशांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत, म्हणून इथं थोडक्यात. फ्रान्समधल्या आल्सासची रीसलिंग बहुधा कोरडी, भरदार, जेवणासोबतची. ऑस्ट्रियातल्या वाखाउमध्ये सर्वांत पिकलेल्या वर्गाला ‘स्मारागड’ म्हणतात, दगडी बांधांवर ऊन खाणाऱ्या हिरव्या सरड्याच्या नावावरून. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर खोऱ्यात २०००च्या हंगामापासून अनेक उत्पादकांनी बुचाऐवजी फिरकीचं झाकण स्वीकारलं, कारण बिघडलेलं बूच या नाजूक वाइनचा वास मारतं. लिंबाच्या रसासारखी टोकदार, कोरडी वाइन हवी असेल तर तिकडे जावं. नावात रीसलिंग असलेली काही द्राक्षं मात्र रीसलिंग नव्हेतच: मध्य युरोपातलं वेल्शरीसलिंग वेगळं, आणि दक्षिण आफ्रिकेतलं केप रीसलिंग म्हणजे क्रूशां.

आणि नाशिक. सुला या वाइन कंपनीनं इथं रीसलिंग लावली आणि बाटलीबंद केली, याचं मला कौतुक आहे. पण मोझेलची मोजपट्टी तिला लावणं अन्यायाचं ठरेल. तिथली वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी अशी दोनदा छाटावी लागते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. दिवस तापायला लागण्याआधीच्या थंड रात्रींवर आम्ल टिकवायची सगळी भिस्त असते. अशा हवेतली रीसलिंग मऊ, फळाची आणि लवकर प्यायची असणार. ती तशीच प्यावी.

मोझेलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. ‘आइसवाइन’साठी द्राक्षं वेलीवर उणे सात अंशांना गोठलेलीच खुडावी लागतात. २०१९च्या हंगामात तेवढी थंडी जर्मनीच्या तेराही वाइन प्रदेशांत पडली नाही, आणि देशभरात आइसवाइन निघालीच नाही. साखर आता जवळजवळ दरवर्षी चढते. पूर्वी दशकात दोन-तीन वेळाच ती नीट चढायची. बागायतदाराची काळजी उलटी झाली आहे. गोडी कशी आणायची, याऐवजी आंबट कसं राखायचं. हलकी, आठ टक्क्यांची खरी काबिनेट करणं म्हणूनच कठीण होत चाललं आहे, आणि जे उत्पादक मुद्दाम लवकर खुडून, थंड दरीतल्या बागा शोधून ती अजून करतात त्यांच्याविषयी मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत.

जेवणाचं वेगळं प्रकरण आहे. त्यातलं एक इथंच सांगतो. तिखट खाल्ल्यावर अल्कोहोल जिभेची आग वाढवतं, साखर ती शमवते. म्हणून मालवणी कोळंबीच्या कालवणासमोर साडेचौदा टक्क्यांची लाल वाइन उभी राहू शकत नाही, आणि आठ टक्क्यांची, थोडी साखर राखलेली काबिनेट सहज उभी राहते. कोकम, खोबरं, मिरची यांच्या आंबट-गोड-तिखट घरात ती पाहुण्यासारखी अवघडून बसत नाही.

सुरुवात करायची असेल तर एकाच उत्पादकाच्या, एकाच सालच्या दोन बाटल्या घ्या: एक ट्रोकन, एक काबिनेट. चौघं जमा. ट्रोकन आधी, काबिनेट नंतर, आणि दोन्हींत थोडी शिल्लक ठेवून बूच लावून फ्रीजमध्ये उभी करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा, तिसऱ्या दिवशीही. पहिल्या दिवशी काबिनेटला ‘गोड’ म्हणणारा तिसऱ्या दिवशी कोणता शब्द वापरतो, ते लिहून ठेवा. चौथ्या दिवशी उरलेल्या घोटाबरोबर चिंच-गुळाची आमटी आणि भात जेवा, आणि मग पहिलं प्रकरण उघडा.